उघाडीवरचा झोप्या

३ मार्च २०२५, सोमवार

ऑडिटवाल्यांनी परत तोच चार्ट माझ्या गळ्यात मारला! ओहायोतला माणूस. जिन्यावरून पडला, बरगड्या मोडल्या, छातीत हवा भरली, तिथल्या इमर्जन्सीत नळी घातली. डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय काय, तर — छातीत नळी घातली, पेशंट ठीक. संपलं. अहो, पण घातली कशी? चिरून, आत बोट फिरवून, मग जाड नळी? की सुईतून तार सरकवून तारेवरून बारीक नळी? दोन्हीला ते लोक नळीच म्हणतात. कोड मात्र दोन. आणि विमा कंपनी पैसे देणार ते कोड बघून.

ऑडिटवाला म्हणतो, एवढ्या बरगड्या मोडल्यात म्हणजे चिरूनच घातली असणार. असणार! मी सरळ डॉक्टरला क्वेरी टाकली — साहेब, नेमकं काय केलंत ते लिहा. रमा मॅडम असत्या तर त्या ऑडिटवाल्याला उभा सोलला असता. बेलापूरच्या ऑफिसात पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला एकच गोष्ट घोकायला लावली होती — गृहीत धरायचं नाही, विचारायचं. छाती शिकवायला त्यांनी भाजीच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. एकात एक घातल्या, मध्ये थोडं पाणी ओतलं, म्हणाल्या, हे फुप्फुसाचं घर. आता यात नको ते भरलं की काय होईल सांगा. एक पिशवी फुटली आणि सगळं पाणी माझ्या शेजारी बसणाऱ्या रेवाच्या डब्यात. दिवसभर हसत होतो.

आता ते ऑफिस नाही. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी गेलो ते गेलोच. रेवा नाशिकला, मॅडम निवृत्त, मी विचुंब्यात बेडरूमच्या कोपऱ्यात. दिवसभर छात्या वाचते आणि बोलायला कोणी नाही. फार आठवण येते त्या ऑफिसची, अगदी तिथल्या खराब चहाची सुद्धा.

आईचा फोन आला होता. बाबांचा खोकला अजून आहे म्हणे. डॉक्टरकडे न्या म्हटलं तर म्हणाली, "ऐकतो कुठं तो."

४ मार्च

क्वेरीचं उत्तर आलं — तारेवरून! ऑडिटवाल्याला नुसता एक अंगठा पाठवला.

५ मार्च, बुधवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी हितेशचा फोन. "ताई, बाबांना दम लागलाय, पनवेलला आणतोय." मी रिक्षाने पोचले तेव्हा बाबा खाटेवर वाकून बसलेले. ओठ निळसर. एक शब्द बोलायला तीन वेळा श्वास. एक्स-रेत उजवी बाजू अख्खी पांढरी. डॉक्टर तरुण आहेत, पण घाबरले नाहीत. म्हणाले, "न्यूमोनिया अंगावर काढलाय यांनी. पाणी झालंय, त्याचा पू व्हायला लागलाय. आत्ता इथेच नळी घालतो." मी सही केली.

पडदा नीट ओढलेला नव्हता. मी बघत राहिले. काखेखाली सुई दिली, मग चीर. मग चिमटा घालून मांस बाजूला केलं. मग बोट. डॉक्टरांनी बोट आत घालून फिरवलं — आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? चिरून. बोट फिरवलं. पहिला कोड! माझ्या बापाच्या छातीत परक्याचं बोट आणि मी कोड लावतेय. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

इतकी वर्षं मी हे वाचतेय. पण चिरल्यावर जो आवाज येतो तो कुठल्या चार्टमध्ये नव्हता. वासही नव्हता. बाबा ओरडले नाहीत. खाटेचा दांडा धरून ठेवला होता फक्त. नळीतून घाण पाणी भळभळून बाहेर आलं आणि दोन-चार मिनिटांत ओठांचा रंग बदलला. मी भिंतीला टेकले आणि रडले. आई मलाच म्हणते, "रडतेस कशाला? पानी गेलं ना भायेर."

६ मार्च, गुरुवार

वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. नळीचं दुसरं टोक खाली बाटलीत, पाण्यात बुडवलेलं. बाबांनी श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. बाबा सकाळपासून तेच बघतायत.

"यो काय, भरती-ओहोटी चाललीय," म्हणाले.

सुनंदा सिस्टर — मोठ्या आवाजाच्या, मनाने चांगल्या — त्यांनी बजावलं, "बाबा, बाटली खालीच ठेवायची हां. वर उचलली तर पाणी उलटं छातीत जाईल." बाबांना ते लागलं. "बाय, पानी कुटं जातं त्ये मना नको शिकवू. खाजणात जल्म गेला माजा."

खरंच गेला, खाडीकाठच्या त्या खारट दलदलीत. आमचं मिठागर आता कुठे दाखवताही येणार नाही. त्यावर भराव पडला, रस्ते झाले, जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले, प्लॉटवर बिल्डिंगा उठल्या. बाबा हितेशबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टमध्ये शिरताना अजून चप्पल काढतात. पण मला ते दिसतं — उन्हाळ्यातली दुपार, चौकोनी वाफे, वाफ्यांत पांढरी साय धरायला लागलेली. बाबा लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचे. मी बांधावर भाकर घेऊन उभी. पायांना चिरा पडलेल्या, त्यात मीठ जायचं, तरी मला घरी जावंसं वाटायचं नाही. संध्याकाळी राशींवर ऊन पडलं की डोळे दिपायचे. बाबा खांद्यावर घेऊन परत आणायचे आणि वाटेत पाढा म्हणायचे. शाळा नाही झालेली त्यांची, पाढा एकच यायचा — पाऊणकी. आजोबांनी शिकवलेला. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड. वर्गात पाऊणकी येणारी मी एकटीच. बाईंना कौतुक वाटायचं की हसू यायचं, कोण जाणे.

संध्याकाळी विचारत होते, "आज तिथी कंची?" सप्तमी म्हटलं. म्हातारपणी देवधर्म आठवतोय वाटतं!

७ मार्च, शुक्रवार

ऑफिसने सुट्टी नाकारली. म्हणून लॅपटॉप वॉर्डातच आणला. खाटेशेजारी स्टुलावर बसून टेक्सासच्या छात्या वाचतेय.

बाबांनी पहिल्यांदाच विचारलं, "तू करतेस काय नक्की? हितेस बोलतो बिलं बनवतेस." मी समजावलं. अमेरिकेत इमर्जन्सीत डॉक्टर जे जे करतात ते लिहून ठेवतात. ते वाचून मी प्रत्येक कामाला ठरलेला नंबर लावते. नंबर चुकला तर बिल अडतं.

"माज्या नळीला काय नंबर?"

"बत्तीस हजार पाचशे एक्कावन्न."

बाबांनी नळीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "माज्या आदी येवड्या जनांना घातली?"

मला हसू आवरेना. त्यांना सांगितलं, तसं नसतं, तो कामाचा नंबर आहे. पण त्यांना आपलंच खरं वाटतंय. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दुपारी सांगत होते, "माजा बत्तीस हजारावर नंबर लागला. कोन मेला नाय म्हनं." कोण मेलं नाही हे त्यांनी स्वतःच घातलं.

रात्री ते झोपत नाहीत असं आई म्हणते. डोळे मिटून पडतात, मधेच उठून बसतात. आज परत तिथी विचारली. अष्टमी.

८ मार्च, शनिवार

वाईट दिवस.

एक्स-रे बघून डॉक्टरांचा चेहरा पडला. फुप्फुस उघडत नाहीये. पाणी येतं, मग मधेच थांबतं, परत येतं. "असं तुकड्या-तुकड्याने येतंय ते मला आवडत नाही," म्हणाले. "आत साका धरतोय. बुधवारपर्यंत उघडलं नाही तर छाती उघडून ते सोलून काढावं लागेल."

मी विचारलं, हृदयाचं काय? बाबांचं हृदय आधीच थकलेलं आहे. डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, भूल सोसेल की नाही, खात्री नाही.

मला त्या ऑपरेशनचाही नंबर पाठ आहे. एरवी असा चार्ट आला की मी मनातून खूश होते — लिहायला भरपूर, डोकं चालवायला भरपूर. आज तो नंबर आठवला आणि मी लॅपटॉप मिटून ठेवला.

सत्यजीत डबा घेऊन आला. डबा उघडून माझ्या हातात चमचा दिला. नवरा असावा तर असा.

आईला मी सगळं सांगितलं नाही. तिला कळलंय. डब्यातली भाजी तशीच ठेवली.

९ मार्च, रविवार

नळीवर एक पांढरा प्लास्टिकचा चाप असतो. तो दाबला की नळी बंद. बाटली बदलतानाच दाबायचा, एरवी उघडा हवा. आज सकाळी सुनंदा सिस्टरना तो बंद सापडला. काल संध्याकाळीही सापडला होता म्हणे. त्या अशा भडकल्या! झाडू-पोछा करणाऱ्या मैनामावशींना सगळ्यांसमोर बोलल्या — "लादी पुसताना हात लावता आणि विसरता. पेशंटच्या जिवाशी खेळ आहे हा." मैनामावशी रडायला लागल्या. "मी नाय ओ लावला हात." बाबा छताकडे बघत होते.

म्हणजे पाणी मधेमधे थांबतं ते यामुळे! मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लक्ष ठेवा. पण बुधवार तो बुधवारच.

दुपारी गावाकडचा एक म्हातारा भेटायला आला. आल्या आल्या वॉर्डभर आवाज — "झोप्या कुठाय आमचा? भगवान झोप्या?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. सत्तरी उलटली माणसाची, छातीत नळी आहे, आणि अजून झोप्याच!

हे नाव मला लहानपणापासून छळतंय. कारण सगळ्या गावाला पाठ. समुद्राचं पाणी मिठागरात घ्यायचं ते बांधातल्या लाकडी दारातून. त्याला उघाडी म्हणतात. पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणाला ती उघडायची, हवं तेवढं पाणी आलं की बंद करायची. तिच्यावर माणूस बसवायचा. एका पुनवेला बाबांची पाळी होती. त्यांना झोप लागली. उघाडी तशीच उघडी. पाणी आतले बांध फोडून वाफ्यांत शिरलं आणि हंगामाचं मीठ, आमचं आणि शेजारच्या चार घरांचं, विरघळून गेलं. मी तेव्हा तान्ही होते. पण शाळेत मी "झोप्याची पोर"च. एकदा रडत घरी आले आणि विचारलं, बाबा, तुम्ही खरंच झोपला होता? ते जाळं विणत बसले होते. मान वर केली नाही. "व्हय. लागली डुलकी," म्हणाले.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज त्या म्हाताऱ्याचा आला. बाबा मात्र त्याच्याशी हसून बोलले.

१० मार्च, सोमवार

हे सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी सातला दवाखान्यात गेले, आईला घरी पाठवलं. बाबा सुनंदा सिस्टरना विचारत होते, "आज एकादस ना?" हो म्हणाल्या. मी चेष्टा केली, "मग काय, साबुदाण्याची खिचडी आणू का?" बाबांनी तोंड वाकडं केलं. "कशाला? मना सुकट आन. जिभेला चव नाय."

उपास नाही, पूजा नाही. मग रोज तिथी कशाला हवी? मी पेपर उघडून बसले, पण डोक्यातून जाईना. आणि एकदम ती पाऊणकी आठवली — अकरा पाऊणे सव्वाआठ. बाबा खांद्यावर घेऊन पाढा म्हणायचे ते मला शिकवायला नव्हे! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. खाजणातल्या माणसाचं घड्याळ ते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. सकाळी तीच, संध्याकाळी तीच.

मी पेपरच्या आडून बघत बसले. आठ वाजून गेल्यावर बाबा जरा सरळ झाले. खिडकीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग चादरीखालून हात सरकला, नळी चाचपली आणि चाप दाबला.

मी उठले, त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, हे काय?"

"भरती चडतेय," म्हणाले. अगदी साधेपणाने. "उघाडी उघडी कशी ठेवू?"

"बाबा, इथे समुद्र कुठे आहे?"

"ठाव हाय मना. येडा नाय मी. पन हात ऱ्हात नाय, पोरी. भरती चडली का हात जातो." मग आवाज एकदम बारीक झाला. "त्या बायला बोलली ती सिस्टर. मी बोलनार होतो. शरम वाटली."

मी चाप उघडला. लगेच पाणी आलं, घट्ट, गढूळ. आम्ही दोघं बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागही आला — ऑपरेशन समोर उभं आहे आणि हा माणूस भरती राखतोय! पण ओरडू कुणावर? बिलं बनवणारीला जे कळतं ते समजावून बघितलं. "हे बाटलीतलं पाणी आहे ना, तीच इथली उघाडी. आतलं बाहेर जाऊ देते, बाहेरचं आत येऊ देत नाही. हिला माणूस लागत नाही."

बाबांनी वाकून बाटली बघितली. "राखायला कोनच नाय?"

"मी आहे."

"तुना झोप लागली तर?"

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणून मीही गंभीर होऊन म्हटलं, "नाही लागणार. आणि मी नसले की सिस्टर आहेत."

सिस्टरना सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग स्वतः जाऊन मैनामावशींची माफी मागितली. डॉक्टर आधी हसले, मग हिशोब केला असावा — दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी तास-दोन तास नळी बंद! म्हणाले, "बुधवार नको. गुरुवारचा एक्स-रे बघू. तोवर चापाला हात नाही. आणि रोज चालवा, खोल श्वास घ्यायला लावा."

११ मार्च, मंगळवार

द्वादशी. बारा पाऊणे नऊ. साडेआठपासून बाबांचा हात हातात धरून बसले. तो हात खरंच जातो. मधेच ओढ बसते त्याला, मासा गळाला लागल्यासारखी. मी घट्ट धरला.

वेळ जावा म्हणून त्यांना मिठागराचं बोलायला लावलं. वाफ्यातल्या पाण्यावर आधी तांबूस झाक येते, मग कडेला खडे धरतात, हे मी विसरले होते. मीठ पिकायच्या आधी वास बदलतो म्हणे. "तू वास वळकायचीस लहानपनी," म्हणाले. "पळत यायचीस सांगायला." मला आठवत नाही. त्यांना आठवतंय तेवढं पुरे.

दहा वाजता हात सैल पडला. बघते तर झोपलेले. तोंड उघडं, घोरणं चालू. आई दारात उभी होती, आत आलीच नाही. पदर तोंडाला लावून बघत राहिली.

लॉगिनला उशीर. टीम लीडरने झापलं. झापू दे.

१२ मार्च

रात्री सिस्टरनी हात धरला. बाबांनी त्यांनाही पाऊणकी शिकवायला घेतली!

१३ मार्च, गुरुवार, होळी

उघडलं! फुप्फुस उघडलं. पूर्ण नाही, पण एक्स-रेत जिथे पांढरं होतं तिथे काळं दिसतंय. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी धरून दाखवले. ऑपरेशन नाही. मी डॉक्टरांच्या पाया पडायचीच बाकी होते.

हितेशला फोन केला, पलीकडून नुसता नाक ओढण्याचा आवाज. आईने घरून पुरणपोळी आणली होती. बाबांनी अर्धी खाल्ली आणि बाकीची मैनामावशींना दिली. "घे बाय. माज्यामुळं बोलनी खाल्लीस." मावशींनी पोळी घेतली, वर दोन शब्द सुनावलेही. बरं वाटलं मला.

खिडकीतून कुठल्याशा सोसायटीची होळी दिसत होती. आमच्या गावात होळी बांधाजवळ लागायची. सकाळी राख घ्यायला जायचो तेव्हा मिठाच्या राशी लांबून निळ्या दिसायच्या. बाबांना म्हटलं, आठवतं का? ते म्हणाले, "आटवायला कशाला लागतंय? डोले मिटले का तितंच असतो."

१५ मार्च, शनिवार

नळी काढली. डॉक्टर म्हणाले, श्वास रोखून धरा. एका झटक्यात बाहेर. टाका, पट्टी, झालं.

बाबांचा पहिला प्रश्न — "काडायचा नंबर काय?"

"काढायला नंबर नसतो. घालण्यातच धरलेलं असतं."

"म्हंजे काडली त्ये कुटंच लिवत नाय?"

"लिहितात, पण मोजत नाहीत."

त्यांना हा मोठा अन्याय वाटला. घालायला काय, कोणीही घालील, सुखरूप काढली याला नंबर हवा, असं रिक्षात बसेपर्यंत चाललं होतं. थोडे दिवस बाबांना आणि आईला विचुंब्याला माझ्याकडेच ठेवते. हितेशकडे लिफ्ट बंद आहे, हे निमित्त.

३० मार्च, पाडवा

गुढी बाबांनी उभारली. खांद्याला हात लावून बघत होते, दुखतं का.

सत्यजीत सांगत होता, मध्यरात्रीनंतर दाराजवळ सावली दिसली, चोर वाटला. बाबा होते. दाराची कडी काढून परत लावत होते. आईला विचारलं तर म्हणाली, "भरतीला उठतो. मिठागर गेलं तरी उठतोच. इतकी वर्सं बगतेय मी." म्हणजे ज्या माणसाला गाव झोप्या म्हणतं, तो एकाही भरतीला झोपलेला नाही!

५ एप्रिल

कामाला नीट लागले. आज तीन छात्या, सगळ्यांची टिपणं नीट लिहिलेली. असे डॉक्टर असतील तर माझी नोकरी जायची.

१२ एप्रिल, शनिवार, चैत्री पौर्णिमा

आईने सकाळी नारळ खवायला घेतला. का, तर "तुजी तिथी आज." तारखेचा वाढदिवस परवाच झाला म्हटलं, तर म्हणाली, "त्यो तुमचा. माजा आजचा. उधाणाची तू." आणि खवता खवताच, मान खाली घालून, सहज बोलून गेली. "याच पुनवेला मीठ गेलं."

मी विचारलं, याच म्हणजे?

"याच राती. मी पनवेलला दवाखान्यात अडलेली. जगते का मरते. माज्या भावानं बांधावर निरोप नेला, त्यानं तोंड उघडलं नाय कदी. हा उघाडी तशीच टाकून पलत आला. झोपतो कुटं? सकालपर्यंत तुना मांडीवर घेऊन बसलेला."

मग झोप लागली असं का सांगितलं गावाला?

आई माझ्याकडे बघतच राहिली, मला एवढंही कळू नये म्हणून. "खरं बोलला असता तर मीठ तुज्या पायगुनानं गेलं बोलले असते. पांढऱ्या पायाची पोर. जल्मभर. तो बोलला, तिला नको, मना बोलूदे झोप्या."

मी अनोळखी डॉक्टरांना रोज क्वेऱ्या टाकते. बाबांना एकदाच विचारलं होतं, आणि मिळालेलं उत्तर धरून चालले.

पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती आहे. बाबा आत गाढ झोपलेत, घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय. उठून दाराची कडी मी लावली.